कॅमेरा फिरवायचा कुठे आणि सोडवायचा कुठे?

प्रश्न सिंहगड रोडवरून आला आहे. थोडक्यात असा: "माझ्याकडे ८० मिलिमीटरची एफ/६ अपवर्तक दुर्बीण आहे. तिच्यामागे ०.८चा रिड्यूसर (फोकल लेंग्थ ०.८ पट करणारं भिंग) आणि एपीएस-सी सेन्सरचा कूल्ड कलर कॅमेरा. अमावास्येच्या आसपास सामान गाडीत टाकून वेल्ह्याकडे जातो. एरवी तीच दुर्बीण घरच्यांना चंद्र, गुरू दाखवायला गच्चीवर लावतो, त्यामुळे कॅमेरा सारखा काढावा-घालावा लागतो. दर वेळी कॅमेऱ्याचा कोन वेगळा येतो आणि मागच्या महिन्यातल्या फ्रेम जुळत नाहीत. शिवाय खालच्या उजव्या कोपऱ्यातले तारे लांबुळके दिसतात. फिरणारा आणि झटकन सुटणारा ॲडॅप्टर घ्यावा म्हणतो. कोणता घेऊ? आणि तो रिड्यूसर व कॅमेऱ्याच्या मध्ये बसेल ना?"

शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करतो, कारण सगळं तिथेच अडलंय. बसेल, पण तिथे बसवू नका. ॲडॅप्टर कोणता घ्यायचा याच्या आधी तो कुठे लावायचा हे ठरवायला हवं. जागा चुकली तर महागातला महाग ॲडॅप्टरही तुम्हाला रडवेल.

रिड्यूसर किंवा फ्लॅटनर (कोपऱ्यांपर्यंत फोकस सपाट ठेवणारं भिंग) यांच्यापासून सेन्सरपर्यंतचं अंतर ठरलेलं असतं. बहुतेक ठिकाणी ते ५५ मिलिमीटर. हा आकडा फिल्म एसएलआरच्या काळातून आला आणि डीएसएलआरमध्येही तोच राहिला: कॅननच्या ईएफ माउंटपासून सेन्सर ४४ मिलिमीटर आत, वर टी-रिंगचे (कॅमेरा दुर्बिणीला जोडणारी कडी) ११, झाले ५५. निकॉनचे ४६.५ आणि टी-रिंगचे ८.५, तेही ५५च. पुढे कूल्ड कॅमेरे आले तरी आकडा तोच राहिला. मोजताना रिड्यूसरच्या आट्यांच्या टोकापासून मोजू नका; आटे जिथे संपतात त्या खांद्यापासून मोजा. मध्ये फिल्टर असेल तर त्याच्या जाडीचा साधारण तिसरा हिस्सा अंतरात वाढवायचा. २ मिलिमीटरच्या फिल्टरला ०.७ धरा, म्हणजे ५५.७.

आता तुमचा हिशोब. तुमच्या वर्गातल्या कॅमेऱ्यांचा सेन्सर सहसा पुढच्या कडेपासून १७.५ मिलिमीटर आत असतो. उरले ३८ आणि थोडं. त्यात फिल्टर ड्रॉवर (फिल्टर सरकवायचा कप्पा) वीसेक मिलिमीटर खातो. राहिलेल्या जागेत पंधरा मिलिमीटरचा फिरता ॲडॅप्टर कागदावर बसतो, आणि म्हणूनच लोक तो तिथे बसवतात. पण त्यामुळे जे ५५ मिलिमीटर एकदा जुळवून कायमचे बंद करायचे, तेच तुम्ही दर वेळी उघडणार. दर उघडण्याबरोबर सेन्सर किंचित तिरपा होण्याची शक्यता आली, आणि वेल्ह्याच्या माळावरची धूळ आत जाण्याची वाटही मोकळी झाली.

माझं मत ठाम आहे: रिड्यूसर, स्पेसर, ड्रॉवर आणि कॅमेरा हा एकच ठोकळा समजा. घरी चांगल्या उजेडात, व्हर्नियर हातात घेऊन तो एकदा जोडा आणि त्यानंतर त्याला हात लावू नका. फिरवणं आणि सोडवणं ही दोन्ही कामं रिड्यूसरच्या पुढे, म्हणजे फोकसरच्या (दुर्बिणीच्या मागची, फोकस जुळवणारी यंत्रणा) बाजूला करा. तिथे अंतर थोडं कमी-जास्त झालं तर फोकसर आत-बाहेर करून भरून निघतं. ५५ मिलिमीटरला धक्का लागत नाही. दुर्बीण गच्चीवर न्यायची असेल तेव्हा अख्खा ठोकळा सुटून येईल, पुढच्या तोंडाला झाकण लावून डब्यात जाईल, आणि त्या जागी डायगोनल (प्रकाश वळवणारा आरसा) आणि आयपीस.

यात एक गोष्ट आधी तपासा: फोकसरला आत जायला जागा आहे का? ठोकळा लावून एखाद्या ताऱ्यावर फोकस करा आणि ड्रॉट्यूब (फोकसरची सरकती नळी) किती बाहेर आहे ते पट्टीवर वाचा. ३५ मिलिमीटर बाहेर असेल तर २० मिलिमीटरचा ॲडॅप्टर सुखाने बसेल. १५च बाहेर असेल तर नाही बसणार. काही ८० मिलिमीटरच्या दुर्बिणींना मागे एक सुटी होणारी जोडनळी असते. ती काढली की जागा मिळते. रिड्यूसर फोकस पुढे ओढतो, म्हणून हे माप रिड्यूसर लावूनच घ्यायचं. नुसत्या आयपीसवर घेतलेलं माप इथे कामाचं नाही.

दुसरं, ॲडॅप्टरचं भोक किती मोठं हवं. तुमची दुर्बीण रिड्यूसर लावल्यावर ३८४ मिलिमीटर फोकल लेंग्थची, एफ/४.८ होते. सेन्सरपासून ५५ मिलिमीटर अलीकडे मधल्या ताऱ्याचा प्रकाशशंकू ५५ भागिले ४.८, म्हणजे साधारण ११.५ मिलिमीटर रुंद असतो. सेन्सरचा कर्ण २८ मिलिमीटर. कोपऱ्यांपर्यंत पूर्ण उजेड पोचायचा तर तिथे ४० मिलिमीटरच्या आसपास मोकळी जागा हवी. टी२च्या, म्हणजे एम४२ (४२ मिलिमीटर व्यासाच्या) आट्यांच्या नळीत आतली मोकळी जागा ३८च्या आसपास भरते. कोपरे जरा अंधारतील, फ्लॅट फ्रेमने (एकसारख्या उजेडाच्या फोटोने) सावरता येतील, पण मुद्दाम अंधारात का जायचं? ठोकळ्याच्या आत सगळं एम४८ ठेवा. आणि ॲडॅप्टर रिड्यूसरच्या पुढे जाणार असल्याने तिथे शंकू आणखी रुंद असतो. तिथे एम५४ किंवा फोकसरचे मूळ मोठे आटे जितके मिळतील तितके घ्या.

आट्यांबद्दल एक इशारा. टी२ म्हणजे एम४२, पिच (दोन आट्यांमधलं अंतर) ०.७५ मिलिमीटर. जुन्या स्क्रू माउंट लेन्सचे आटेही एम४२च, पण पिच १. दोन्ही एकमेकांत दीड-दोन फेरे जातात आणि मग अडकतात. तिथे जोर लावला की दोन्ही भाग गेले. जुन्या बाजारातून रिंग उचलताना हे लक्षात असू द्या.

आता ॲडॅप्टरच्या जाती. बाजारात "रोटेटर", "क्विक चेंजर", "कॅमेरा अँगल ॲडजस्टर" अशी नावं दिसतील, पण आतली रचना तीन-चारच प्रकारची असते.

सगळ्यात साधा म्हणजे तुमच्याकडे आत्ता असलेला: दोन इंची गुळगुळीत नळी होल्डरमध्ये सरकवायची आणि स्क्रू आवळायचे. फिरतोही, सुटतोही. पण नळी आणि होल्डर यांच्यात फट असते, आणि स्क्रू नळीला एका बाजूला ढकलतो. आत पितळी पट्टी असली तर ओरखडे पडत नाहीत, पण ढकलणं तसंच राहतं. त्यात नळीवर खाच असेल तर पट्टी खाचेच्या कडेवर चढते आणि नळी नाक वर करते. जड कॅमेऱ्याला मी ही पद्धत सुचवत नाही. चारी बाजूंनी एकसारखं दाबणारे, कॉलर फिरवून आवळायचे होल्डर मिळतात. ते याच जातीतले, पण खूपच चांगले.

दुसरा प्रकार तिरक्या खाचेचा. एका भागाला बाहेरून व्ही आकाराची खाच असलेली कडी, दुसऱ्या भागात १२० अंशांवर तीन स्क्रू, टोकाला निमुळते. स्क्रू आत जाताना खाचेच्या तिरक्या भिंतीवर चढतो आणि कडीला समोरच्या सपाट तोंडावर ओढून बसवतो. इथे तोंडाला तोंड टेकतं, म्हणून कॅमेरा दर वेळी त्याच पातळीत बसतो. स्क्रू पाव फेरा सैल केला की कॅमेरा फिरतो पण पडत नाही. दोन-तीन फेरे सैल केले की सुटून हातात येतो. तुमच्या दोन्ही गरजा एकाच वस्तूत भागतात आणि जाडी पंधरा-वीस मिलिमीटरच्या पुढे सहसा जात नाही. तुमच्यासाठी मी हाच निवडेन.

तिसरा प्रकार म्हणजे नुसता फिरणारा, पण न सुटणारा: दोन कड्या एकमेकींत अडकवलेल्या, वर अंशांच्या खुणा, एक-दोन थंबस्क्रू. अनेक चांगल्या फोकसरमध्ये तो मूळचाच असतो. तुमच्या फोकसरच्या मानेशी एखादा मोठा स्क्रू असेल तर आधी तो सैल करून बघा. फिरवण्याची सोय कदाचित घरात आहेच आणि फक्त सोडवण्याचा भाग आणायचा आहे. चौथा मोटरवर चालणारा. दुर्बीण दूर कुठेतरी कायमची बसवली असेल तर तो हवाच. गाडीतून नेणाऱ्याला आणखी एक वायर आणि पाऊण किलोपर्यंतचं वजन वाढवण्यात मला अर्थ दिसत नाही.

तिरपेपणाबद्दल मी इतकं का बोलतोय, ते आकड्यांत बघा. एफ/४.८ला हिरव्या प्रकाशात फोकसची चालणारी खोली जेमतेम ६० मायक्रॉन आहे. समजा ४८ मिलिमीटर व्यासाच्या तोंडावर एका बाजूला ०.१ मिलिमीटरची फट राहिली. सेन्सरच्या २८ मिलिमीटर कर्णावर तिचे होतात ५८ मायक्रॉन. म्हणजे एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत सगळी खोली संपली. मध्यभागी अचूक फोकस केला तरी दोन कोपरे अगदी काठावर येतात, आणि रात्री तापमान उतरलं की त्यातला एक हमखास जातो. ०.१ मिलिमीटर म्हणजे बोटाला जाणवेल न जाणवेल असा वाळूचा कण. म्हणून ॲडॅप्टर लावण्याआधी दोन्ही तोंडं स्वच्छ कोरड्या कपड्याने पुसायची, मग कितीही घाई असो.

आवळण्याची रीतही महत्त्वाची. पहिल्यांदा बसवताना दुर्बीण टेबलावर जाड टॉवेलवर, पुढचं झाकण लावून, तोंड खाली करून उभी धरा आणि ठोकळा वरून ठेवा. त्याच्याच वजनाने तोंडाला तोंड नीट टेकतं. मग तिन्ही स्क्रू थोडेथोडे, आळीपाळीने आवळा. यातले दोन ॲलन कीने पक्के करून तसेच ठेवा आणि यापुढे फक्त तिसरा, बोटांनी फिरवायचा थंबस्क्रू वापरा. काही ॲडॅप्टरमध्ये मुळातच अशी रचना असते. नसली तर आपण करून घ्यायची. फिरवताना आणि काढताना तोच एक सैल होतो, बाकीचे दोन टेकू म्हणून जागेवर राहतात, आणि ठोकळा परत त्याच ठिकाणी येतो. एकाने काम भागत नसेल तर दुसरा अर्धा फेरा सैल करा, तिसऱ्याला शिवू नका. आणि स्क्रू सैल करताना दुसरा हात कॅमेऱ्याखाली हवाच. देवयानी दीर्घिका पुण्याहून मध्यमंडळावर (डोक्यावरून जाणाऱ्या उत्तर-दक्षिण रेषेवर) ६७ अंश वर असते. तिच्याकडे रोखलेल्या दुर्बिणीचा कॅमेरा जवळजवळ सरळ खाली लोंबत असतो.

तुमच्या बिघडलेल्या कोपऱ्याचं कारण नवं काही विकत न घेता, आत्ताच्याच होल्डरवर शोधता येईल. ताऱ्यांनी भरलेल्या एखाद्या भागाचे तीस सेकंदांचे चार-पाच फोटो घ्या. मग होल्डर सैल करून अख्खा ठोकळा बरोबर १८० अंश फिरवा, पुन्हा फोकस करा, पुन्हा फोटो घ्या. लांबुळके तारे चित्राच्या त्याच खालच्या उजव्या कोपऱ्यात राहिले, तर दोष ठोकळ्यात आहे: रिड्यूसर, एखादा स्पेसर किंवा सेन्सर स्वतःच तिरपा. ते समोरच्या, वरच्या डाव्या कोपऱ्यात गेले, तर दोष ठोकळ्याच्या पुढे आहे: फोकसर झुकतोय किंवा होल्डर तिरकं धरतोय. आणि दर वेळी आवळल्यावर कोपरा बदलत असेल, तर पकडच भरवशाची नाही. तुमच्या वर्णनावरून मला तिसऱ्याचा संशय आहे, आणि तसं असेल तर तिरक्या खाचेच्या ॲडॅप्टरने दोन्ही तक्रारी एकदम मिटतील. पण पहिलं कारण निघालं तर नवा ॲडॅप्टर आणून काहीच बदलणार नाही, म्हणून पैसे टाकण्याआधी ही तपासणी कराच. डोळ्यांनी ठरवणं कठीण वाटलं तर ॲस्टॅप नावाच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये तिरपेपणा मोजायची सोय आहे.

चारी कोपऱ्यांत तारे सारखेच बिघडले असतील तर मात्र तो तिरपेपणा नाही, अंतराची चूक आहे. बहुतेक फ्लॅटनरमध्ये तारे मध्यापासून बाहेर पळाल्यासारखे ओढले गेले तर सेन्सर फार जवळ आहे, आणि मध्याभोवती गोल फिरल्यासारखे दिसले तर फार लांब. अर्ध्या मिलिमीटरच्या पातळ कड्या मिळतात, त्या एकेक घालून-काढून जुळवायचं.

कोनाचा प्रश्न त्या मानाने सोपा आहे. तुमच्या जोडणीत चित्राची लांब बाजू आकाशातले ३.५ अंश घेते, आखूड बाजू २.३. देवयानी लांबीला तीन अंशांहून थोडी मोठी. लांब बाजू तिच्या अक्षावर आली तर ती दोन्ही टोकांसकट बसते. आडवी आली तर टोकं कापली जातात. तिचा अक्ष उत्तरेकडून पूर्वेकडे साधारण ३५ अंश कललेला आहे. नीना (हेही सॉफ्टवेअरच) किंवा ॲस्टॅपमध्ये एक फोटो प्लेट-सॉल्व्ह केला, म्हणजे त्यातले तारे नकाशाशी जुळवले, की कॅमेऱ्याचा सध्याचा कोन आकड्यात समोर येतो. थंबस्क्रू सैल, जरा फिरवा, आवळा, पुन्हा सॉल्व्ह. दोन-तीन वेळा केलं की एका अंशाच्या आत येता. हा आकडा प्रत्येक विषयाच्या नोंदीत लिहून ठेवा. पुढच्या महिन्यात तोच कोन पुन्हा लावायचा. आयत चित्र १८० अंश फिरलं तरी चौकट तीच राहते, त्यामुळे मेरिडियन फ्लिपने (मध्यमंडळ ओलांडल्यावर दुर्बीण माउंटच्या दुसऱ्या बाजूला वळवण्याने) काही बिघडत नाही आणि ॲडॅप्टर पूर्ण गोल फिरवायचीही कधी गरज पडत नाही. अर्ध्या फेरीत काम होतं, वायरी पिळल्या जात नाहीत.

लॅपटॉप नसेल तेव्हाची जुनी युक्ती अजूनही चांगली आहे. एखादा ठळक तारा चित्राच्या एका कडेला आणा, वीस सेकंदांचं एक्स्पोजर सुरू करा आणि हातातल्या बटणाने फक्त विषुवांशाची (पूर्व-पश्चिम फिरवणारी) मोटर सावकाश चालवा. ताऱ्याची रेघ उमटते. ती चित्राच्या लांब कडेला समांतर झाली की लांब बाजू पूर्व-पश्चिम लागली. त्या जागी ॲडॅप्टरच्या दोन्ही भागांवर एक बारीक रेघ कोरून ठेवा. मार्कर दवाने पुसला जातो. ही खूण शून्य धरून बाकीचे कोन खुणांच्या पट्टीवर लावता येतात, मात्र माउंटवर दुर्बीण नेहमी त्याच बाजूने चढवायला हवी.

फिरवल्यावर फ्लॅट फ्रेम नव्या घ्याव्या लागतात. सेन्सरसमोरच्या काचेवरची आणि फिल्टरवरची धूळ ठोकळ्याबरोबर फिरते, तिचे डाग जागेवरच राहतात. पण फोकसर आणि पुढची भिंगं यांच्यामुळे पडणारा अंधार फिरत नाही, त्यामुळे जुनी फ्लॅट तंतोतंत लागू पडत नाही. रात्रीत एकच विषय घ्या, कोन एकदा लावा, आणि सामान आवरायच्या आधी फ्लॅट उरका. गाइडिंगसाठी (तारा जागेवर धरून ठेवण्यासाठी) वेगळी छोटी दुर्बीण असेल तर ती फिरत नाही, पीएचडी२ या गाइडिंगच्या सॉफ्टवेअरचं कॅलिब्रेशन तसंच चालतं. ऑफ-ॲक्सिस गाइडर (मुख्य दुर्बिणीच्याच कडेचा प्रकाश घेणारा) ठोकळ्यात असेल तर तो कॅमेऱ्याबरोबर फिरतो. मग कॅलिब्रेशन नव्याने.

आपण पुण्यात आहोत याचा एक मोठा फायदा घ्यावा असं मला मनापासून वाटतं. फोकसरचे आटे विचित्र मापाचे असतील आणि तयार कडी मिळत नसेल, तर भोसरी-चिंचवडला चांगल्या लेथवर ती करून मिळते. टर्नरला नुसतं "दुर्बिणीची रिंग" म्हणू नका, मापांचा कागद द्या. त्यावर तीन गोष्टी ठळक लिहा. आटे आणि ज्या तोंडावर जोड टेकणार ते तोंड एकाच सेटिंगमध्ये झालं पाहिजे. जॉब उलटा धरून नंतर फेसिंग केलं की तिरपेपणा तिथेच आला. दोन्ही तोंडं एकमेकांना ०.०२ मिलिमीटरच्या आत समांतर हवीत, आणि ते सरफेस प्लेटवर डायल गेज फिरवून तुमच्यासमोर दाखवायला सांगा. भोकाच्या आतल्या भिंतीवर बारीक आटे किंवा खाचा पाडून घ्या आणि काळं ॲनोडायझिंग मॅट करा. गुळगुळीत चकचकीत नळीतून ठळक ताऱ्यांच्या प्रकाशाची कडी चित्रात उतरते. ॲनोडायझिंगचा थर आट्यांवरही चढतो, म्हणून जोड आधी अगदी घट्ट बसवून घेऊ नका, किंचित सैल ठेवा. नमुना म्हणून रिड्यूसर नेऊ नका, त्याच्या पुढच्या आट्यांची एखादी स्वस्त कडी न्या. कामगाराचा हात तेलकट असतो आणि भिंग तुमचं असतं.

ॲल्युमिनियमवर ॲल्युमिनियमचे कोरडे आटे थंडीत पहाटे जाम होतात. दोन्ही हातांनी कडी चिमटून फिरवू नका. पातळ कडी त्या दाबाने लंबगोल होते आणि आणखी आवळते. तळहात सपाट टेकवून किंवा रबराचा पट्टा गुंडाळून, सगळीकडून सारखा जोर द्या. आट्यांवर वर्षातून एकदा अगदी पुसट ग्रीस पुरतं. फवाऱ्याचं पातळ तेल मात्र दुर्बिणीच्या आसपासही नको, त्याचा थर काचेवर बसतो. जून ते सप्टेंबर ठोकळा सिलिका जेलसकट हवाबंद डब्यात ठेवा, आणि थंबस्क्रू आवळलेला न ठेवता हलका सैल ठेवा.

पुढे कधी डीएसएलआर लावलात तर सोडवण्यासाठी वेगळं काही नको, त्याचं लेन्स काढायचं बटण हाच क्विक रिलीज आहे. मात्र टी-रिंगच्या बाहेरच्या कडीतले तीन बारीक स्क्रू सैल करून कोन बदलायची सोय असते, ती मैदानावर वापरू नका. अंधारात ते स्क्रू गवतात जातात. ज्या दुर्बिणींत दुरुस्तीची भिंगं नळीतच मागे पक्की बसवलेली असतात, त्या पेट्झवाल जातीच्या दुर्बिणींना वरचा ५५ मिलिमीटरचा नियम लागू नाही, फोकस पोचला की झालं. उलट सेलेस्ट्रॉनच्या ८ इंची एजएचडी दुर्बिणीला मागच्या आट्यांपासून १३३.३५ मिलिमीटर पाळावेच लागतात, तिथे ॲडॅप्टरची जाडी त्या हिशोबातच धरायची.

तुम्ही आता एवढं करा: ठोकळा लावून फोकसवर ड्रॉट्यूब किती बाहेर येते ते माप, फोकसरच्या मागच्या आट्यांचा व्यास, आणि १८० अंशांच्या आधीची व नंतरची एकेक फ्रेम पाठवा. जाडी आणि आटे त्यावरून सांगतो. तोपर्यंत काही मागवू नका.